हरण, अनुसरण आणि रोबोट : नमुन्यांच्या देवघेवीचा एक छोटा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकांपुढे रोबोटची गोष्ट कशाला, असा प्रश्न शीर्षक वाचताच काही वाचकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, अनुकरण आणि निर्मिती यांच्या नात्याचा जो प्रश्न आपल्या काव्यशास्त्राने हजार वर्षांपूर्वी बारकाईने तपासला, तोच प्रश्न गेल्या काही दशकांत शाळा-महाविद्यालयांतील मुलांच्या रोबोट-स्पर्धांमध्ये नव्याने उभा राहिला आहे. उत्तम रोबोटचा तयार आराखडा मुलांच्या हाती ठेवला, तर ती त्यातून शिकतात की त्यामुळे शिकायची राहून जातात? कवितेच्या बाबतीत अशा प्रश्नाचा निकाल लागायला पिढ्या जाव्या लागतात. रोबोटच्या बाबतीत तो काही आठवड्यांत मैदानावर दिसतो, मोजता येतो आणि त्यावर भांडणही करता येते. म्हणून हा इतिहास आम्हांला उद्बोधक वाटतो. वर्गात ‘नमुना उत्तर’ द्यावे की देऊ नये, या आपल्या रोजच्या पेचावरही तो थोडा प्रकाश टाकतो.

१.

या स्पर्धांचे दोन ठळक उगम सांगता येतात. पहिला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेतला. तेथे यांत्रिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्ररचना शिकवणारा ‘२.७०’ या क्रमांकाचा अभ्यासक्रम होता. १९७० च्या दशकात वुडी फ्लॉवर्स या तरुण अध्यापकाने त्याला घडवले. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ वस्तूंची एक थैली मिळे. त्या वस्तूंतून एक यंत्र बांधायचे आणि सत्राच्या शेवटी ते दुसऱ्याच्या यंत्राशी झुंजवायचे, असा तो परिपाठ. खेळ दर वर्षी नवा असल्यामुळे गेल्या वर्षीचे विजेते यंत्र जसेच्या तसे बांधून काही साधत नसे.

दुसरा उगम जपानमधला. रोबोट माणसासारखा दिसू लागला की एका टप्प्यावर तो आपल्याला नकोसा, अस्वस्थ करणारा का वाटतो, हा विचार १९७० साली मांडणारे मासाहिरो मोरी हे टोकियोच्या तंत्रसंस्थेत प्राध्यापक होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक कोडे घातले : दोन साध्या सेलमध्ये जेवढी ऊर्जा असते तेवढ्यावर माणसाला वाहून नेणारे वाहन करून दाखवा. त्यातून पुढे १९८८ साली एनएचके या जपानी प्रसारण संस्थेची तंत्रमहाविद्यालयांसाठीची स्पर्धा उभी राहिली. ‘रोबोकॉन’ हे नाव आज आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहे, त्याचे मूळ हे.

दोन्ही उगमांमागचे शिक्षणविषयक गृहीतक एकच होते. त्याला आम्ही ‘कोऱ्या पाटीचे तत्त्व’ म्हणतो. साधने सर्वांना सारखी, प्रश्न सर्वांना नवा आणि उत्तर कोणाजवळच नाही. शिकणे म्हणजे या तिन्हींच्या कोंडीतून आपली वाट काढणे. हे तत्त्व दिसायला न्याय्य आणि देखणे आहे. पण पाटी कधीच पुरती कोरी नसते. ज्याच्या घरी मोटारदुरुस्तीचे गॅरेज आहे, ज्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी याच वर्गात होता, त्याच्या पाटीवर बरेच काही आधीच गिरवलेले असते. ही गोष्ट लक्षात आली तेव्हा ‘निदान मूळाक्षरे तरी सर्वांना द्या’ ही मागणी आपोआप पुढे आली.

एमआयटीतच १९८७ साली सुरू झालेल्या ‘६.२७०’ या दुसऱ्या, विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या स्पर्धेत हे दिसते. तेथे लेगोचे ठोकळे, मोटारी, संवेदक आणि एक छोटा संगणक-पट्ट देऊन स्वयंचलित रोबोट करवून घेत. त्यासाठी लिहिलेल्या टिपणांत दाते असलेली चाके कशी जुळवावीत, संवेदक कसा वाचावा, मोटार का तापते, हे सगळे असे. संपूर्ण रोबोटचा आराखडा मात्र विद्यार्थ्यानेच शोधायचा. या उपक्रमाच्या प्रवर्तकांपैकी फ्रेड मार्टिन यांनी पुढे विद्यार्थ्यांच्या कामाचा अभ्यास करून एक मार्मिक गोष्ट नोंदवली. विद्यार्थी रोबोटची योजना आखतात ती एका आदर्श जगासाठी. रोबोटला आपण कोठे आहोत हे नेमके ठाऊक आहे, चाक घसरत नाही, प्रतिस्पर्धी धक्का देत नाही, असे ते मनात धरून चालतात. वास्तव जगात ही योजना कोसळते आणि त्या कोसळण्यातून नियंत्रण म्हणजे काय हे त्यांना कळू लागते. पुढच्या साऱ्या चर्चेत हे निरीक्षण जवळ ठेवावे लागेल. यशस्वी रोबोटकडे पाहून त्याचा आकार दिसतो. तो आकार कोणकोणत्या फसगतींतून आला, ते मात्र त्यावर कोरलेले नसते.

२.

१९८९ साली डीन केमन या संशोधकाने अमेरिकेत ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि फ्लॉवर्स यांच्या साह्याने वर्गातली ही कल्पना शाळकरी मुलांपर्यंत नेली. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली, तेव्हा २८ संघ होते. जानेवारीत खेळ जाहीर व्हायचा, सुट्या भागांची पेटी मिळायची आणि सुमारे सहा आठवड्यांत मुलांनी अभियंत्यांच्या साह्याने रोबोट उभा करायचा, असा क्रम पुढे रुळला. मुदत संपली की रोबोट बंद करून ठेवायचा, हा नियम २०२० च्या हंगामापासून गेला.

या स्पर्धेत आराखडे वाटून घेण्याची प्रथा का रुजली, याची कारणे पाहण्यासारखी आहेत. पहिले कारण नीतीचे. प्रतिस्पर्ध्याशी जिद्दीने झुंजतानाही त्याला हात द्यावा, या वृत्तीला फ्लॉवर्स यांनी ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ असे नाव दिले आणि ते संस्थेचे जणू ब्रीदच झाले. पण निव्वळ ब्रीदवाक्याने माणसे आपली गुपिते उघडी करीत नाहीत. दुसरे कारण खेळाच्या रचनेत आहे. १९९९ पासून या स्पर्धेत संघ एकेकटे न लढता गटाने लढू लागले. आजचा प्रतिस्पर्धी पुढच्या सामन्यात आपला भिडू होऊ शकतो. भिडूचा रोबोट जागच्या जागी बंद पडला तर नुकसान आपले. अशा रचनेत शेजाऱ्याचे दुबळेपण हा आपला तोटा ठरतो आणि औदार्य हिशेबातही बसते.

तिसरे कारण नियमपुस्तकातले आहे, आणि आम्हांला ते सर्वांत लक्षणीय वाटते. खेळ जाहीर होण्यापूर्वी तयार केलेला आराखडा किंवा संगणकीय आज्ञावली एखाद्या संघाला नव्या हंगामात वापरायची असेल, तर ती हंगामापूर्वी सर्वांसाठी खुली केलेली असली पाहिजे, अशी अट घालण्यात आली. म्हणजे आपलेच जुने लेखन पुन्हा वापरायचे, तर आधी ते प्रसिद्ध करा! प्रकाशन हे येथे पुनर्वापराचे परवानापत्र झाले. कॅलिफोर्नियातील ‘चीझी पूफ्स’ हा २५४ क्रमांकाचा संघ सातत्याने अग्रेसर राहिला. आपले आराखडे आणि आज्ञावली खुल्या करण्याबद्दलही तो ओळखला जातो, आणि जगभरचे संघ त्या वाचून शिकले.

‘वाचून’ हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. येथून पुढे या स्पर्धांचा इतिहास हा बराचसा वाचनाचा इतिहास आहे, आणि कोणत्याही वाचनसंस्कृतीत होतात ते तंटे येथेही झाले. २००० च्या दशकाच्या मध्यात कॅनडातील नायगारा परिसरातील तीन संघांनी एकत्र बसून एक आराखडा केला आणि त्यावरून तीन सारखे रोबोट बांधले. कॅलिफोर्नियातही दोन संघांची अशी जुळी यंत्रे झाली. काहींनी याला सहकार्याचा आदर्श म्हटले. काहींना त्यात स्पर्धेचा आत्माच हरवलेला दिसला : तीन शाळांतील मुलांनी मिळून एकदाच विचार केला, मग उरलेल्या दोन विचारांचे काय झाले?

२०१३ साली ‘तीन दिवसांत रोबोट’ या उपक्रमाने हा वाद अधिक तीव्र केला. खेळ जाहीर होताच अनुभवी मंडळींनी ७२ तासांत एक चालता रोबोट बांधायचा आणि त्याच्या चित्रफिती सर्वांना दाखवायच्या, अशी ही कल्पना. उद्देश नवख्या संघांना ‘हे जमण्यासारखे आहे’ असा धीर देण्याचा होता. आक्षेप असा की, ज्या पहिल्या आठवड्यात मुलांनी फळ्यासमोर उभे राहून वेड्यावाकड्या कल्पना लढवायच्या, त्याच आठवड्यात त्यांना उत्तर दिसते, आणि उत्तर एकदा दिसल्यावर ते न पाहिल्यासारखे करता येत नाही. पुढे टेक्सासमधील ‘रोबोनॉट्स’ या संघाने ‘एव्हरीबॉट’ नावाने, साध्या हत्यारांनी व बेताच्या खर्चात बांधता येईल असा रोबोट आराखड्यांसह प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला. खुद्द संस्थेनेही मुलांना देण्याच्या पेटीबरोबर ‘किटबॉट’चे आराखडे पुरवले. २०२४ च्या हंगामातील किटबॉटमध्ये केवळ चाकांचा सांगाडा नव्हता, गुण मिळवणारी यंत्रणाही होती. कोऱ्या पाटीच्या तत्त्वापासून निघालेली ही परंपरा सुमारे तीन दशकांत अधिकृत नमुन्यापर्यंत येऊन पोहोचली.

३.

‘व्हेक्स’ या दुसऱ्या स्पर्धेत या प्रश्नाला आणखी टोकदार रूप आले. तेथे रोबोट बांधायचे ते ठरावीक अंतरावर भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांतून. त्यामुळे दुसऱ्याच्या रोबोटची चित्रफीत थांबवून पट्टीवरची भोके मोजली, की मोजपट्टीशिवाय त्याची नेमकी मापे हाती येतात. अशा नकलेला त्या मुलांच्या बोलीत ‘होल काउंट’ म्हणतात, म्हणजे भोके मोजून केलेला रोबोट. हा शब्द हेटाळणीचा आहे. जेथे यंत्रे वाटून घेणे सर्रास चालते, तेथेही मुलांनी चांगले घेणे आणि वाईट घेणे यांत रेघ ओढली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ती रेघ नेमकी कोठे आहे?

येथे आम्ही आपल्या काव्यशास्त्राचा आधार घेऊ. आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’च्या अखेरीस दोन कवींच्या काव्यांतील साम्याचा विचार केला आणि त्याचे तीन प्रकार केले : आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नाही, चित्राचा आत्मा क्षुल्लक आहे, पण चेहरा मिळताजुळता असला तरी दुसऱ्या माणसाला त्याचा स्वतःचा जीव असतो, म्हणून तिसरे साम्य दोषास्पद नाही. पुढे दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याचा विस्तार केला. कनोजच्या दरबारी वावरलेला हा यायावर कुळातला पंडित मूळचा महाराष्ट्राशी नाते सांगणारा. त्याच्या पणजोबांना महाराष्ट्राचा चूडामणी म्हणत. त्याने ‘हरण’ हा कवीच्या शिक्षणाचाच विषय मानला आणि त्याला अनेक अध्याय दिले. प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य आणि परपुरप्रवेशसदृश असे त्याने केलेले अर्थहरणाचे चार प्रकार साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत.

हे चौकटीचे गणित रोबोटवर बसवून पाहिले तर ते आश्चर्यकारक रीतीने जुळते. भोके मोजून केलेला रोबोट हा प्रतिबिंबकल्प. आरसा हलला की प्रतिबिंब हलते. मूळ संघाने काय बदलले हे पाहिल्याशिवाय नकल करणाऱ्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही, कारण बिघाड झाला तर तो का झाला हे सांगणारे कोणी त्याच्या संघात नसते. प्रसिद्ध नमुना घेऊन त्यात आपल्या हत्यारांना व खर्चाला साजेसे थोडे फेरफार केले, तर तो आलेख्यप्रख्य : मूळ ओळखू येते, पण हात आपला दिसतो. बहुतेक नवखे संघ येथे असतात आणि त्यात कमीपणा नाही. दोन संघ स्वतंत्रपणे एकाच उत्तराशी आले, तर ते तुल्यदेहितुल्य. एकच खेळ, एकच नियम आणि एकाच पेटीतले सुटे भाग असताना असे वारंवार घडते, आणि प्रत्येक सारखेपणात चोरी शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे. परकायाप्रवेशाचा चौथा प्रकार सर्वांत दुर्मीळ. गोदामातल्या फोर्कलिफ्टची एकातून एक सरकत वर जाणारी शिडी पाहावी आणि त्याच तत्त्वावर स्वतःला दांडीवर लटकवून घेणारा रोबोट करावा, तसे हे. तत्त्व जुने, देह संपूर्ण नवा.

मात्र एका ठिकाणी राजशेखराचे शास्त्र आणि या स्पर्धांची रीत यांत फारकत होते, आणि ती फारकत बोधप्रद आहे. राजशेखर अर्थाचे अन्ययोनी, निह्नुतयोनी आणि अयोनी असे भेद करतो. पहिल्याचा उगम दुसऱ्यात असल्याचे उघड दिसते, दुसऱ्याचा उगम झाकला गेलेला असतो, तिसऱ्याला असा उगमच नसतो. कवीचे कौशल्य उगम झाकण्यात आहे. घेतलेले असे पचवावे की ते ओळखू येऊ नये. विद्यार्थ्यांच्या या स्पर्धांत शहाणपण नेमके उलट आहे. कोणाचा आराखडा घेतला, त्यातले काय ठेवले, काय टाकले आणि का, हे जो संघ मोकळेपणी सांगू शकतो, त्याने तो खरा आत्मसात केला असे समजावे. व्हेक्सच्या परीक्षकांपुढे मुलांना आपली अभियांत्रिकी वही ठेवावी लागते व प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, ती याचसाठी. उगम उघड करणे हीच तेथे पचवल्याची खूण.

४.

आता शिक्षणशास्त्राकडे वळू. तेथेही या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे मिळालेली दिसतात, पण हा विरोध वरवरचा आहे.

१९८५ साली जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासणारी मुले स्वतः झगडणाऱ्या मुलांपेक्षा कमी वेळात शिकली आणि तशाच धाटणीची पुढची गणिते त्यांनी अधिक सहज सोडवली. कारण असे की, नवख्याची कार्यस्मृती तोकडी असते. वाट शोधण्यातच ती खर्ची पडली, तर वाटेची रचना ध्यानात घ्यायला काही उरत नाही. पण हा लाभ मुख्यतः तशाच धाटणीच्या गणितांपुरता होता. २००३ साली स्लावा काल्यूगा, स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मांडली : नवख्याला तारणारी उदाहरणे जाणत्याला अडचणीची होतात. ज्याला वाट ठाऊक आहे, त्याला बोट धरून नेले तर त्याची चाल मंदावते.

दुसऱ्या बाजूला १९९१ साली डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना काही वस्तूंचे आराखडे करायला सांगितले. त्यांतली एक वस्तू म्हणजे न सांडणारा कॉफीचा पेला. त्यात पिण्याची नळी किंवा तोटी नसावी, अशी स्पष्ट सूचना होती. काही विद्यार्थ्यांना नमुन्यादाखल एक आराखडा दाखवला, आणि त्यात नेमकी नळी होती. नमुना पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या कागदांवर सूचना असूनही नळ्या उमटल्या. नमुन्यातले गुणच तेवढे घेतले जातात असे नाही, दोषही घेतले जातात, आणि तेही ‘हा दोष आहे’ असे सांगितलेले असताना! याला त्यांनी रचनाविषयक जखडलेपण म्हटले. व्यावसायिक अभियंतेही त्यातून सुटले नाहीत.

तिसरा धागा मनू कपूर यांचा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भारतातील अकरावीच्या विद्यार्थ्यांना न्यूटनच्या गतिशास्त्रातील प्रश्न देण्यात आले होते. ज्या गटांना आधी अवघड, नीट न बांधलेले प्रश्न मिळाले, ते गट त्या वेळी धडपडले आणि फसले. पण पुढच्या चाचणीत तेच सरस ठरले. या ‘फलदायी अपयशा’चे मर्म असे की, फसलेल्या मनाला प्रश्नाचे सांधे कोठे आहेत हे कळलेले असते, आणि नंतर येणारे स्पष्टीकरण त्या सांध्यांत बसते.

हे तीन निष्कर्ष एकत्र ठेवले तर रोबोटच्या मैदानावरील वादाचे बरेचसे धुके निवळते. नमुना कोणाला देतो, केव्हा देतो आणि नमुन्यात काय देतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर परिणाम ठरतो. ज्या शाळेने स्क्रू-ड्रायव्हरही पहिल्यांदाच हाती घेतला आहे, तिला पहिल्या दिवशी एव्हरीबॉट मिळणे हे वरदान आहे. तो नसता तर तिथली मुले अपयशातून काही शिकली नसती, फक्त स्पर्धा सोडून गेली असती. तोच नमुना चार वर्षांच्या मुरलेल्या संघाला पहिल्याच दिवशी मिळाला, तर त्याची कल्पनाशक्ती त्या नळीत अडकते. आणि नमुना म्हणून निव्वळ अंतिम आकार दिला, तर मार्टिन यांनी दाखवलेली आदर्श जगाची भूल अधिकच गडद होते, कारण त्या आकारामागचे घसरलेले चाक आणि तुटलेली कडी वाचकाला कधी भेटतच नाही.

५.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘एबीयू रोबोकॉन’ ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली, आणि २००८ व २०१४ साली तिचे यजमानपद पुण्याकडे आले. यजमान देशाने आपल्या संस्कृतीतून खेळ सुचवायचा, अशी तेथील प्रथा. २००८ चा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता : उंचावरच्या मडक्यांपर्यंत पोहोचून ‘लोणी’ मिळवायचे. २०१४ चा खेळ आईबाप आणि मूल यांच्या नात्यावर होता. मोठ्या रोबोटने लहान रोबोटला सी-सॉ, झोपाळा आणि जंगल जिम अशी बाग हिंडवायची. गोविंदांचा थर व्हिएतनामच्या किंवा चीनच्या मुलांना अपरिचित, त्यामुळे दर वर्षीचा प्रश्न खरोखर नवा. संपूर्ण रोबोट उचलून आणण्याची सोय येथे कमी. घेता येते ती चाकांची मांडणी, हवेच्या दाबावर मिटणारा पंजा, वळण मोजण्याची रीत.

वृत्त आणि कविता यांतला भेद येथे उपयोगी पडतो. ओवी कोणाच्या मालकीची नाही. मुक्तेश्वराने ओवीत महाभारत रचले म्हणून त्याला कोणी चोर म्हटले नाही. आर्या मोरोपंतांच्या आधीही होती. वृत्त वाटून घेतल्याने काव्य दरिद्री होत नाही, उलट कवीची शक्ती छंद शोधण्यात न जाता अर्थाकडे वळते. अमेरिकेतील संघांत ‘वेस्ट कोस्ट ड्राइव्ह’ नावाने रुळलेली चाकांची रचना ही अशीच एक ओवी झाली आहे. ती सर्वांना द्यावी, यात वाद नसावा. तंटा आहे तो कविताच उतरवून देण्याबद्दल.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ या उपक्रमाने २०१२ पासून वेगळी वाट धरली. निवडलेल्या महाविद्यालयीन संघांना एकसारखे रोबोट-संच पाठवायचे, शिकवणीचे साहित्य आणि नमुन्याच्या छोट्या आज्ञावली द्यायच्या, आणि त्यावर टप्प्याटप्प्याने कठीण होत जाणारी कामे नेमून द्यायची. देह सर्वांचा एकच, परीक्षा बुद्धीची. जेथे प्रयोगशाळेत सुटे भाग नाहीत आणि ते आणायला मोठ्या शहरात जावे लागते, अशा महाविद्यालयांसाठी या समानतेचे मोल मोठे आहे.

येथे एक कटू गोष्टही बोलायला हवी. नामांकित संस्थांत ‘सिनियर’ नावाची एक जिवंत पोथी असते. कोणती मोटार जळते, कोणता दुकानदार फसवतो, कोणती रचना दोन वर्षांपूर्वी मैदानावर कोसळली, हे सगळे वसतिगृहातल्या रात्रीच्या गप्पांत हस्तांतरित होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या नव्या महाविद्यालयात ही पोथी नसते. प्रसिद्ध आराखडा हाच तिथल्या मुलांचा सिनियर. ‘मुलांनी स्वतः शोधावे’ असा सोवळा आग्रह जे धरतात, त्यांच्या मुलांजवळ बहुधा न छापलेले नमुने भरपूर असतात. पण त्याच गावात तयार ‘प्रोजेक्ट’ विकणारी दुकानेही असतात, आणि तेथे पैसे मोजून घेतलेले यंत्र मौखिक परीक्षेच्या पहिल्या प्रश्नालाच मुके होते, हेही प्रत्येक अध्यापकाला ठाऊक आहे. एकाच वस्तूची ही दोन टोके आहेत, आणि नमुने बंद करून दुसरे टोक नाहीसे होत नाही. नाहीसे होते ते पहिले.

मग मार्ग कोणता? आपल्या संगीताच्या इतिहासात त्याचे एक उदाहरण आहे. कुमार गंधर्व लहान वयात मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गात आणि श्रोते थक्क होत. ध्वनिमुद्रिका म्हणजे अंतिम आकार. तीत रियाज ऐकू येत नाही. पुढे मुंबईत ते प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकले. देवधर अनेक घराण्यांच्या गायकीचा मोकळ्या मनाने शोध घेणारे, आणि ही जागा अशीच का, दुसरी का नाही, हा विचार त्यांच्याकडे शिकण्याचा भाग होता. त्या नकलेतून पुढे जे स्वतंत्र गाणे उभे राहिले ते सर्वांना माहीत आहे. नक्कल ही तेथे पहिली पायरी ठरली, याचे कारण तिच्या पाठोपाठ ‘का’ विचारणारा गुरू आला.

६.

वुडी फ्लॉवर्स २०१९ साली निवर्तले. त्याआधी २०१२ साली, एमआयटीचे अभ्यासक्रम संगणकावरून जगाला देण्याच्या योजनेवर त्यांनी एक परखड टिपण लिहिले होते. त्यात त्यांनी प्रशिक्षण आणि शिक्षण यांत भेद केला. कलनशास्त्र शिकणे हे त्यांच्या मते प्रशिक्षण. कलनशास्त्राचा वापर करून विचार करायला शिकणे हे शिक्षण. पहिले कुशलतेने बांधून सर्वांना वाटता येते, दुसऱ्याला माणसांचा सहवास लागतो. ज्याने मुलांच्या हाती थैली देऊन उत्तर लपवले आणि पुढे उत्तरे वाटून घेण्याची नीती शिकवली, त्याचेच हे मत असल्याने त्याला वजन आहे. या दोन कृतींत विसंगती नाही. आराखडा वाटता येतो, तो वाटावा. विचार वाटता येत नाही, त्याची जागा राखून ठेवावी.

ती जागा राखण्याचे उपाय या स्पर्धांच्या इतिहासातच आहेत, आणि ते आपल्या वर्गालाही लागू आहेत. नमुना द्यावा, पण मुलांनी आपली पहिली फसगत कागदावर उतरवल्यानंतर. एक नमुना न देता तीन द्यावेत, म्हणजे कोणताही एक डोक्यात नळी होऊन बसणार नाही. नमुन्याबरोबर त्याचे टाकून दिलेले मसुदे द्यावेत. आणि परीक्षा घ्यावी ती यंत्राची नव्हे, निवडीची : हे का ठेवले, ते का टाकले?

कवितेच्या रसग्रहणाचे उत्तर गाईडातून पाठ करणारा विद्यार्थी आणि भोके मोजून रोबोट बांधणारा विद्यार्थी हे तुल्यदेही आहेत. दोघांनाही आपण दोष देतो, पण दोघांनाही आपण बहुधा एकच प्रश्न विचारलेला असतो, ज्याचे उत्तर अंतिम आकाराने देता येते. दहा गुणांच्या प्रश्नात, ‘या कवितेचे तुम्हांला न पटलेले एक रसग्रहण सांगा आणि ते का पटले नाही ते लिहा’ असे आपण विचारू लागलो, तर गाईड त्याच्या हातात असले तरी चालेल. किंबहुना, ते असलेलेच बरे.